विसावा, पळवाट आणि पडती बाजू

(साताऱ्यात कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊसदर, पाणीवाटप, स्थानिक स्वराज्य संस्था अशा वजनदार विषयांच्या रांगेत सिनेमा आणि फुटबॉल हा विषय कोणी घुसवला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती साहजिक आहे. आपल्या बैठकांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते. तरुण पोरे सभेला येत नाहीत, सिनेमाला जातात. मोर्चाला दहाजण जमत नाहीत, पण मॅचला मैदान अपुरे पडते. तक्रार करणाऱ्याच्या मनात एक गोष्ट गृहीत असते. सिनेमा आणि खेळ ही लढ्यातून निसटण्याची वाट आहे, आणि जो त्या वाटेने गेला तो आपल्याला दुरावला, असे तो धरून चालतो. हे गृहीत कितपत खरे आहे, एवढेच मला आज तपासावयाचे आहे.

प्रथम एका जुन्या विजयाची आठवण करून देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतील गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा गिरणीला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सूर्य उगवायच्या आत भोंग्यावर हजर व्हावयाचे आणि तो मावळल्यावर बाहेर पडावयाचे, असा कामगाराचा दिवस होता. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या रविवारच्या सुट्टीला आपण आज गृहीत धरतो, तिच्यामागे एका सत्यशोधक कामगार नेत्याची मेहनत आहे. पुढे कामाचे तास आठावर आले, तेही जगभरच्या कामगारांनी लढून आणले. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तर चोविसावे कलमच विश्रांतीच्या आणि फुरसतीच्या हक्काविषयी आहे.

म्हणजे फुरसत ही आपल्याच चळवळीची कमाई आहे. आपल्या पूर्वसुरींनी मालकाच्या घड्याळातून काढून घेतलेला तो वेळ आहे. मग कामगाराने त्या वेळात काय करावे? आपली पत्रके वाचावीत, अशी आपली इच्छा असणार. पण बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रविवारी दुपारी प्रथम जे शोधतो, ते शिक्षण नसते. तो विसावा शोधतो. आजही आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या कोयत्यांकडे पाहा. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, आणि हंगाम सुरू झाला की पट्टा पडेपर्यंत त्यांच्या आयुष्यात रविवार येत नाही. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी अजून ज्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, त्यांना विरंगुळ्याची किंमत विचारा. विरंगुळ्याला हसण्याचा अधिकार फक्त ज्याला तो भरपूर मिळाला आहे त्यालाच वाटतो.

आता सिनेमाकडे येतो. आपल्या भागात सिनेमा प्रथम खेडोपाडी पोचला तो तंबूतून. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीच्या खंडोबाची यात्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ. माणदेशातला, खटाव-खानापूरमधला शेतकरी सालातून एकदा या जत्रांना जाई, आणि तेथे पाळणे आणि मिठाईची दुकाने यांच्या पलीकडे टुरिंग टॉकीजचे तंबू उभे असत. ट्रकवर लादून आणलेला प्रोजेक्टर, रिळांचे डबे, जनरेटरची धडधड, खाली सतरंजी असली तर असली, नाहीतर उघडी जमीन. पुरुष एका अंगाला आणि बायका दुसऱ्या अंगाला. रीळ बदलताना अंधारात शिट्ट्या. दुष्काळी मुलखातल्या माणसाला वर्षातून त्या एका रात्री तीन तास दुसऱ्या कोणाचे तरी सुखदुःख पाहावयास मिळे. स्वतःच्या विहिरीचा तळ, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न यांपासून तेवढा वेळ सुटका.

याला आपण पळवाट म्हणणार असू, तर त्या वाटेने गेलेले काही लोक कोठे पोचले तेही पाहिले पाहिजे. आपल्याच मुलखातली चार उदाहरणे मी घेतो.

पहिले अण्णाभाऊ साठ्यांचे. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे हे पोर घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला गेले. शाळेशी त्यांचा संबंध अवघ्या दीड दिवसाचा. मुंबईत त्यांना मूकपटांचे वेड लागले, आणि भिंतीवरच्या सिनेमाच्या जाहिराती व दुकानांच्या पाट्या वाचता वाचता त्यांची अक्षरओळख पक्की झाली. ज्या शाळेने त्यांना जातीमुळे उभे केले नाही, तिचे काम सिनेमाच्या फलकांनी केले. पुढे हाच माणूस कामगारांचा शाहीर झाला, १९५९ साली त्याने ‘फकिरा’ लिहिली, आणि त्याच्या कथा-कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले. त्या पोराला सिनेमाच्या थिएटरकडे जाताना पाहून एखाद्या कार्यकर्त्याने नाक मुरडले असते, तर चूक कोणाची ठरली असती?

दुसरे उदाहरण ना. ह. आपट्यांचे. सांगलीजवळच्या समडोळीत जन्मलेला आणि कोरेगावी आयुष्य घालवलेला हा कादंबरीकार. त्यांच्या कथेवरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. पडद्यावर देवदेवता आणि राजेरजवाडे यांची गर्दी असताना येथे एक कर्जबाजारी शेतकरी आला. सावकार त्याची जमीन गिळतो आणि तो शहरात जाऊन गिरणीचा मजूर होतो. शांतारामबापूंनी त्यात तरुण शेतकऱ्याचे काम केले होते. सावकारीचा जाच कमी करण्यासाठी सरकारला १८७९ मध्ये ज्या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा करावा लागला, त्यांत पुणे, सोलापूर आणि अहमदनगर यांच्याबरोबर सातारा होता. तेव्हा साताऱ्याच्या प्रेक्षकाला ही कथा समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपट्यांच्याच कादंबरीवरून १९३७ साली प्रभातने ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली मुलगी आपल्या लग्नाला लग्न मानण्याचे नाकारते, ही गोष्ट त्या काळी व्यासपीठावरून सांगितली असती तर सभा उधळली गेली असती. थिएटरात लोक ती तिकीट काढून पाहत होते.

तिसरे उदाहरण औंध संस्थानातले. औंधच्या राजेसाहेबांनी जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे बायकामुलांसह राहून शेती करू लागली. ग. दि. माडगूळकर हे याच आटपाडी भागातले. त्यांच्या कथेवर शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणारा जेलर पाहून अनेकांना वाटले असेल, ही सिनेमातलीच गोष्ट, असे प्रत्यक्षात कोठे घडते? ते प्रत्यक्षात आपल्या माणदेशात घडत होते. जे स्वप्न म्हणून पडद्यावर गेले, ते आधी औंधच्या मातीत करून पाहिलेले होते.

चौथे उदाहरण जवळच्या काळातले. साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू आणि सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले निळू फुले ‘सामना’मध्ये समोरासमोर उभे राहिले. पुण्यात माळीकाम करीत असताना तुटपुंज्या पगारातला वाटा सेवा दलाला देणारे निळूभाऊ पडद्यावर साखरेच्या राज्याचे धनी झाले. तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात होता. त्यातला पडका मास्तर एका नाहीशा झालेल्या दलित सैनिकाचा ठावठिकाणा पुनःपुन्हा विचारत राहतो, आणि त्या एका प्रश्नाने सारे साम्राज्य अस्वस्थ होते. आपल्या साखरपट्ट्यातल्या सभासदाला कारखान्याच्या वार्षिक सभेत हात वर करून जे विचारता येत नव्हते, ते थिएटरच्या अंधारात त्याच्या वतीने कोणीतरी विचारले. बाहेर पडल्यावर तो लगेच बंडखोर झाला नाही, हे खरे. परंतु प्रश्न विचारता येतो, एवढे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

साथींनो, सिनेमा हा केवळ प्रबोधनाचा दिवा आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे बनवाबनवीचे होईल. बहुसंख्य चित्रपटांत एकटा नायक शंभरजणांना लोळवतो आणि सगळ्या वस्तीचा प्रश्न एका बुक्कीने सुटतो. संघटना, वर्गणी, ठराव, कोर्टाच्या तारखा हे तेथे काही नसते. गरीब नायिकेचे दुःख श्रीमंताशी लग्न झाले की संपते. बाईच्या बदनामीवर हशा पिकवणारा सिनेमा तर आपण डोळ्यांसमोर वाढताना पाहिला. हे सारे खोटे आहे आणि ते खोटे म्हणून सांगितलेच पाहिजे. पण जो दुसऱ्याच्या दुःखाने अंधारात डोळे पुसतो, त्याच्या अंगी माणुसकी शिल्लक आहे, एवढे निश्चित. त्या डोळ्यांतल्या पाण्याला पळवाट म्हणून झिडकारणारी चळवळ शेवटी कोरडी पडते.

सिनेमात माणूस निदान दुसऱ्याच्या विजयात सुख मानतो. नायक जिंकणार हे त्याला ठाऊक असते. पण जो माणूस हरणाऱ्या संघाच्या मागे वर्षानुवर्षे उभा राहतो, त्याला विसावा कसला मिळतो? या प्रश्नासाठी मी आपल्याला साताऱ्याहून महामार्गाने खाली कोल्हापुरास नेतो, कारण महाराष्ट्रात फुटबॉल हा साऱ्या गावाचा खेळ म्हणून तेथे नांदतो.

तेथील संघांची नावेच ऐका. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमीत फुटबॉल वाढला आणि पेठेचे नाव घेऊन मैदानात उतरला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा शाहू स्टेडियमवर चालते. पेठेतले रिक्षावाले, गवंडी, चांदीच्या कारागिरीतली माणसे, कॉलेजची पोरे उन्हात दगडी पायऱ्यांवर बसून आपल्या संघासाठी घसा कोरडा करतात. विश्वचषकाच्या वेळी हेच शहर ब्राझील आणि अर्जेंटिना यांत वाटले जाते, चौकाचौकांत खेळाडूंचे उंच फलक लागतात. तो हौसेचा भाग झाला. विश्वचषक संपला की फलक उतरतात. पेठेचा संघ मात्र उतरवता येत नाही. तो जन्माबरोबर मिळालेला असतो.

साखळीत काही मातबर संघ वर्षानुवर्षे वरच्या जागा धरून असतात. त्यांच्याकडे बाहेरून, अगदी आफ्रिकेतून, मानधनावर आणलेले खेळाडू असतात. आणि तळाला काही संघ असे असतात, ज्यांच्यापुढे दर हंगामात खालच्या गटात जाण्याचे भय उभे असते. वर्तमानपत्रात त्यांची बातमी पराभवाच्या दोन ओळींत येते. जिंकणाऱ्याचे छायाचित्र छापले जाते, यांचे नाही. तरीही त्यांची माणसे पुढच्या सामन्याला येतात. पेठेत वर्गणी फिरते, बूट-मोजे घेतले जातात, पहाटे गांधी मैदानावर सराव होतो. या माणसांना मिळते काय? चषक नाही, बक्षीस नाही. शेजारी बसलेल्या माणसाबरोबर एकाच वेळी आशा धरणे आणि एकाच वेळी निराश होणे, एवढेच मिळते. पण ज्याचा दिवस एकट्याने हरण्यात जातो, त्याला चारजणांत मिळून हरण्याचाही मोठा आधार वाटतो. हरूनही आपण उठून गेलो नाही, आणि शेजारचाही गेला नाही, हे त्याने पाहिलेले असते.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर आपल्या राज्यातल्या कंपनीवाल्या संघांकडे पाहावे. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. एअर इंडियाचा संघ कूपरेजवर मोजक्या प्रेक्षकांसमोर खेळत राहिला, आणि परवान्याच्या निकषांत बसत नाही म्हणून २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर काढला गेला. त्याच २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसी हा संघ त्या लीगमध्ये दुसरा आला होता. दोन वर्षांत त्याच्या मालकांनी अंग काढून घेतले. त्यानंतर पुण्यातले आणखी दोन व्यावसायिक संघ, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी, २०१७ ते २०१९ या काळात मिटले. या संघांवर जीव लावलेली माणसे होती. त्यांना कोणी विचारले नाही. ताळेबंदात तोटा दिसला आणि संघ गेला. कोल्हापुरातला तळाचा संघ मात्र टिकून आहे, कारण तो कोणाच्या ताळेबंदात नाही. तो वर्गणीवर उभा आहे.

इंग्लंडातही हेच घडले. विम्बल्डनच्या मालकांनी संघ उचलून दूरच्या मिल्टन कीन्सला नेण्याचे ठरवले आणि २००२ मध्ये त्यास परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. गल्लीतल्या स्पर्धेपासून सुरुवात करून नऊ वर्षांत, २०११ साली, ते पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये आले. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना कोरिंथियन्स क्लबच्या खेळाडूंनी १९८२ च्या सुमारास सॉक्रेटिस या खेळाडूच्या पुढाकाराने क्लबचे सारे निर्णय मतदानाने घेण्यास प्रारंभ केला. सरावाची वेळही मताला टाकली जाई, आणि कपडे सांभाळणाऱ्याचे मत कर्णधाराच्या मताइतकेच धरले जाई. पगारी खेळाडूंचा क्लब देशाला लोकशाहीची शिकवणी देत होता.

आपल्यालाही हे अपरिचित नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकांच्या पैशावर. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या वर्गणीतून आले. पदक मिळाले नसते तरी ती वर्गणी फुकट गेली असे गोळेश्वरने म्हटले नसते, असा माझा विश्वास आहे.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या सार्वजनिक जीवनाला सध्या जो रोग जडला आहे, तो जिंकणाऱ्याकडे धावण्याचा आहे. आज या पक्षात, उद्या त्या पक्षात. ज्या बाजूला सत्ता, त्या बाजूला कार्यकर्ता, त्याच बाजूला टँकरचे कंत्राट आणि कारखान्याची नोंद. निष्ठा हा शब्दच टिंगलीचा झाला आहे. अशा वेळी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला, तळाच्या संघाचा तो रिक्षावाला मला मोठा शिक्षक वाटतो. संघ हरतो म्हणून तो पेठ बदलत नाही. खेळाडू चुकला तर सर्वांत कडक शब्दांत तोच बोलतो, पण बोलून झाल्यावर पुढच्या वर्गणीला तोच पहिला असतो. टीका आणि निष्ठा एकत्र नांदू शकतात, हे त्याला ठाऊक आहे. आपल्याला ते कित्येकदा जमलेले नाही. आपण मतभेद झाला की वेगळी चूल मांडली, आणि फुटीच्या बाजूने ठराव करून कागद भरले.

समाजवादी चळवळ हीही पडत्या बाजूचीच चळवळ आहे, आणि हे मी दुःखाने सांगत नाही. डिपॉझिट जप्त झाले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून तालुक्याच्या कचेरीत कोणाचा तरी सातबारा घेऊन जाणारे कार्यकर्ते आपण पाहिले आहेत. त्यांना विजयाने धरून ठेवले नव्हते. त्यांना एकमेकांनी धरून ठेवले होते. कलापथके होती, शिबिरे होती, रात्री उशिरापर्यंत चालणारी गाणी होती, मैदानावरचा खेळ होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धेविरुद्ध उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे कबड्डीच्या मैदानावरची वर्षे होती. शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेला तो सातारचा खेळाडू होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही, कारण त्यांनी माणसे केवळ विचाराने नव्हे तर सहवासानेही बांधली होती. विसावा आणि लढा यांची अशी सांगड जेथे होती, तेथे चळवळ टिकली. जेथे नुसते ठराव होते, तेथे ठराव तेवढे उरले.

या विसाव्याचे दोष झाकून ठेवावेत, असे मला मुळीच वाटत नाही. कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्या, दगडफेक झाली, पोलीस बंदोबस्तात सामने खेळवावे लागले. पेठेचा अभिमान शेजारच्या पेठेच्या द्वेषात घसरावयास वेळ लागत नाही, आणि द्वेषाचा व्यापार करणारे राजकारण अशा घसरणीची वाटच पाहत असते. दुसरा दोष याहून खोल आहे. तंबूत बायकांसाठी निदान एक बाजू राखलेली असे. मैदानाच्या पायऱ्यांवर त्यांच्यासाठी तेवढीही जागा नाही. पहाटे धार काढणारी, दिवसभर खुरपणारी, रात्री भाकरी थापणारी बाई विसाव्याला कोठे जाते? चूल पेटवता पेटवता ती मालिका पाहते. तिच्या फुरसतीची मागणी लोखंड्यांच्या रविवाराइतकीच राजकीय आहे. ती आपल्या कार्यक्रमपत्रिकेत अजून आलेली नाही.

आता काळ बदलला आहे. तंबूंची संख्या रोडावत गेली. रिळे जाऊन डिजिटल यंत्रे आली तेव्हा जुन्या प्रोजेक्टरवर पोट असलेले लोक कसे हतबल झाले, ते महाराष्ट्रातल्याच जत्रांतल्या टुरिंग टॉकीजवर काढलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात जगाने पाहिले. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. तालुक्याच्या गावची एकपडदा थिएटरे एकामागून एक बंद पडली, त्यांच्या जागी व्यापारी गाळे आले. पडदा आता प्रत्येकाच्या हातात आला आहे. सिनेमा स्वस्त झाला, पण शेजारी बसलेला माणूस गेला. हातातल्या पडद्यावर प्रत्येकाला त्याच्या आवडीचा विसावा मिळतो, आणि त्याच पडद्यावर पुढच्या क्षणी त्याच्या रागाला खतपाणी घालणारा मजकूरही येतो. पळवाट हा शब्द वापरावयाचाच असेल तर मी तो येथे वापरीन. माणूस जेथे एकटा पडतो आणि ज्याचा मालक कोण हेही त्याला ठाऊक नसते, तेथे विसाव्याची पळवाट होते.

म्हणून मी तीन साध्या गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखलेल्या जागा आपापल्या गावात शोधून काढा. त्यांवर गाळे उठले असतील तर तो ऊसदराइतकाच लढ्याचा विषय करा. दुसरे, महिन्यातून एक रात्र शाळेच्या अंगणात पडदा बांधा, आणि गावाला बरोबर बसवून चांगला चित्रपट दाखवा. त्यानंतर भाषण करू नका. लोक आपणहून बोलतील ते ऐका. बायकांनी यावे यासाठी वेळ आणि जागा त्यांना विचारून ठरवा. तिसरे, गावच्या कबड्डीच्या, खो-खोच्या, फुटबॉलच्या संघाची वर्गणी कार्यकर्त्याने भरावी आणि सामन्याला जाऊन बसावे. बॅनर घेऊन नव्हे. हरणाऱ्या संघाच्या बाजूला बसावे, कारण तेथे जागा रिकामी असते, आणि तेथे बसलेली माणसे आपल्याला लवकर ओळखतील.

जत्रेच्या तंबूत रडणारा शेतकरी आणि तळाच्या संघासाठी ओरडणारा रिक्षावाला ही आपल्यापासून दूर गेलेली माणसे नाहीत. सभेला ती का येत नाहीत, असे आपण विचारत आलो. त्यांच्या शेजारी आपण शेवटचे कधी बसलो होतो, याचे उत्तर आपापल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकाने द्यावे, एवढी विनंती करून मी थांबतो.